स्टिअरिंग व्हील बदलल्यानंतर ईएसपीचा दिवा विझत नाही: सेन्सर बदलावा का?

प्रश्न

जुन्या स्टिअरिंग व्हीलचे आवरण सोलवटले होते, म्हणून त्याच मॉडेलचे दुसरे व्हील बसवून घेतले. तेव्हापासून ईएसपीचा (गाडी घसरू लागल्यास सावरणाऱ्या यंत्रणेचा) दिवा सतत लागलेला आहे आणि सरळ रस्त्यावर व्हील किंचित डावीकडे कललेले राहते. हॉर्न वाजतो, एअरबॅगचा दिवा लागलेला नाही. मेकॅनिकच्या मते स्टिअरिंग अँगल सेन्सर (स्टिअरिंग किती अंश वळले ते मोजणारा) बदलावा लागेल. एवढ्या खर्चाआधी काय तपासावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सेन्सर इतक्यात विकत घेऊ नका. गाडी सरळ जाते आणि व्हील तेवढे वाकडे राहते, याचा अर्थ ते स्टिअरिंगच्या दांड्यावर बहुधा एक दाता सरकून बसले आहे. दांड्यावर ३६ दाते असतील तर एका दात्याने १० अंशांचा फरक पडतो. काही गाड्यांत सेन्सर दांड्यावरच असतो, तिथे व्हील कसेही बसले तरी मोजमाप बदलत नाही. पण अनेक गाड्यांत तो क्लॉक स्प्रिंगला (व्हील फिरत असतानाही एअरबॅग, हॉर्नपर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीच्या भागाला) जोडलेला असून व्हीलबरोबर फिरतो. ईएसपी या कोनाची तुलना चाकांच्या वेगांशी आणि यॉ सेन्सरच्या (गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते ते पाहणाऱ्या) मोजमापाशी सतत करत असते. गाडी सरळ चाललेली असूनही स्टिअरिंग वळलेले दिसले, की हिशेब जुळत नाही आणि दिवा लागतो.

चाके सरळ ठेवून स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारे यंत्र) जोडा आणि नुसता कोड वाचून न थांबता कोनाचा चालू आकडा पाहा. मग इंजिन चालू ठेवून व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा.

प्रश्नकर्ता

तपासले. चाके सरळ असताना आकडा १० अंशांच्या आसपास आहे. फिरवताना तो कुठेही न अडखळता सलग बदलतो. आता थेट कॅलिब्रेशन (सेन्सरचे शून्य नव्याने ठरवणे) करून घ्यावे का?

प्रतिसाद २

सलग बदलणारा आकडा म्हणजे सेन्सर शाबूत आहे. आधी व्हील योग्य दात्यावर आणा, शून्य नंतर ठरवा. वाकड्या व्हीलवर कॅलिब्रेशन केले तर दिवा विझेल, पण व्हील वाकडेच राहील, आणि मग ते सरळ दिसावे म्हणून कोणीतरी टाय रॉड (पुढच्या चाकांना स्टिअरिंगशी जोडणारी सळई) फिरवून ठेवील. मूळ दोष तसाच राहील.

व्हील काढण्यापूर्वी चाके सरळ करा, बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, कारण एअरबॅगच्या सर्किटमधील कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते. एअरबॅगला मल्टिमीटर कधीही लावू नये. माझ्या मते हे काम एअरबॅगचा सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. व्हील बाहेर असताना क्लॉक स्प्रिंग फिरू देऊ नका. तिच्यातील पट्टीला दोन्ही बाजूंना ठरावीकच फेरे मिळतात. मध्य चुकला तर पूर्ण वळणावर ती ताणून तुटते आणि एअरबॅग, हॉर्न, व्हीलवरची बटणे एकदम बंद पडतात. बोल्ट पुन्हा वापरता येतो की नवा लागतो, हेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

त्यानंतर स्कॅनरने शून्य ठरवून कोड पुसा. काही गाड्यांना स्कॅनर लागत नाही. व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडे अंतर सरळ चालवले की त्या स्वतःच मध्य ओळखतात. एवढे करूनही यू ०१२६ हा कोड परत आला, तर सेन्सरशी संपर्कच तुटतो आहे असे समजावे आणि कॉलमखालचा कनेक्टर पूर्ण बसला आहे का ते प्रथम पाहावे.