युनिट शून्य, तरी शुल्क चालूच

‘छतावर सोलर बसवलं की सरकारी कर संपले’ असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं. नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर आहे. जानेवारीत कूलर बांधून ठेवलेला, त्यामुळे निव्वळ युनिट (वापरलेली वजा सोलरने ग्रिडला दिलेली वीज) शून्य. तरीही बिल आलं. स्थिर आकार तर होताच, वर त्याच्यावर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे राज्य सरकारचा कर! रक्कम चिल्लर आहे, पण शून्य नव्हे.

मोठी चपत सुरुवातीलाच बसते, त्याबद्दल कोणी बोलत नाही. पॅनेलवरचा जीएसटी ऑक्टोबर 2021 मध्ये 5 वरून 12 टक्के झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून परत 5 वर आला. पण बसवण्यासकट एकत्र कंत्राट असलं, तर 70 टक्के रक्कम माल आणि 30 टक्के सेवा धरतात; सेवेवर 18 टक्के कायम. म्हणजे सरासरी 13.8 वरून 8.9 टक्क्यांवर आली, सरळ 5 वर नाही. आमच्या शेजारच्या काकांना नुकतंच मिळालेलं कोटेशन बघितलं, त्यात अजूनही 13.8 च लावलेलं. सोलरवर मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या 78,000 रुपयांच्या अनुदानाकडे बघता बघता काका तो आकडा वाचायलाच विसरले होते.