गाण्यांकडून शिकलेली काटकसर : लिहिणाऱ्यांचे अनुभव

तीन-चार मिनिटांत गाणं अख्खी गोष्ट सांगून मोकळं होतं. आपल्याला पात्राला अंथरुणातून उठवायलाच पानभर लागतं. कुठल्या गाण्याने तुमच्या लिखाणाला कात्री लावली, ते लिहा. ‘हृदयस्पर्शी’ वगैरे नको, नेमकं काय उचललंत ते सांगा.

कथालेखिका, सातारा
भोंडल्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, वेल लाव, मग जा. लावला. आता वेल वाढू दे. वाढला. मग फूल, मग कारलं, मग त्याची भाजी. सासू एकदाही ‘नाही’ म्हणत नाही आणि सून एकदाही रडत नाही. किती दिवस गेले ते वेलावरूनच कळतं. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून, खिरापतीवर डोळा ठेवून आम्ही हे म्हणायचो, तेव्हा यात केवढा छळ आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

पुढे वारसनोंदीसाठी खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्याची कथा लिहीत होते. त्याचा घाम, त्याचा संताप, सगळं रंगवून झालं होतं. ते काढून टाकलं आणि टेबलापलीकडची उत्तरं तेवढी ठेवली. मृत्यूचा दाखला आणा. प्रतिज्ञापत्र आणा. यावरचं नाव दुरुस्त करून आणा. साहेब मीटिंगला गेलेत. त्या कथेतल्या एकाही ओळीला संपादकांनी हात लावला नाही.

श्रुतिकालेखक, पुणे
गीतरामायणाचं नाव निघणारच, तर मीच काढतो. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर चाललेली ५६ गीतं. समोर वाल्मीकींचे २४ हजार श्लोक, त्यातून गदिमांनी काय गाळलं ते बघत बसावं! बहुतेक गीतं कुणा ना कुणा पात्राच्या तोंडी आहेत, त्यामुळे निवेदकाची भरताड वाचते. ‘माता न तू, वैरिणी’ हे भरताने कैकेयीला सुनावलेलं. आजोळहून परतणं, वडील गेल्याचं कळणं, भाऊ वनात गेल्याचं कळणं, सगळं मागे पडलंय. भडका उडाल्यावरच गाणं सुरू होतं.

माझी पात्रं तेव्हापासून दार उघडून आत येत नाहीत, भांडणाच्या मधोमधच सापडतात. दाराची करकर वापरायला मिळत नाही म्हणून ध्वनिमुद्रण करणारा माझ्यावर खट्टू असतो, तो भाग वेगळा.

उपसंपादक, नागपूर
जरा थांबा. भरत मधूनच बोलू शकतो, कारण ऐकणाऱ्याला रामायण आधीच पाठ आहे. सातारकर ताई, तुमच्या म्हाताऱ्याला कोण ओळखतं? शिवाय निम्मं काम चाल करते, आणि चाल बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची. कागदावर पेटी वाजत नाही. पुरवणीसाठी येणाऱ्या कथांत हल्ली इतकी गाळागाळ असते की कोण कुणाचा कोण याचा पत्ता लागत नाही. गाळा जरूर, पण नातं सुरुवातीलाच येऊ द्या.

परिचारिका, मराठवाडा
वरच्या दादांनी मागितलेलं नातं जात्यावरच्या ओवीत सुरुवातीलाच येतं. लेकीला मैना, लेकाला राघू म्हटलं, की झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने लाखावर ओव्या गोळा झाल्या, ग्रामीण भारतावरच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. मी आधी वाचल्या, चाल नंतर ऐकली. चालीवाचून काही अडलं नाही.

ओवी बहुधा दोन ओळींत आटोपते. म्हणून ड्यूटी संपली की मीही दोनच वाक्यं लिहिते. परवाची ही: ‘दीर पेढे वाटत वॉर्डात फिरला. नवरा ऊसतोडीला कर्नाटकात, त्याचा फोन लागला नाही.’

उपसंपादक, नागपूर
ताई, ही चालेल, पाठवा. ‘वॉर्डात’ काढा, ‘कर्नाटकात’ राहू द्या.