मदत हवी आहे: अंदमानचं लाँग आयलंड, आईला घेऊन

फेब्रुवारीत आई (६६) आणि मी अंदमानला जातोय. सेल्युलर जेल आणि हॅवलॉक आधीच्या सहलीत झालंय, त्यामुळे या वेळी फक्त लाँग आयलंड, तीन रात्री. आईला पक्षी बघायचेत. परतताना रंगतजवळ धानीनाला किनाऱ्यावर कासवांसाठी एक मुक्काम.

पुण्यातल्या दोन एजंटांना विचारलं, दोघांनीही हॅवलॉक-नीलचंच पॅकेज पुढे सरकवलं. बेटावरच्या एका गेस्ट हाउसला फोन केला, आवाज तुटत होता, एवढंच कळलं की खोली मिळेल. फिनिक्स बेहून (पोर्ट ब्लेअरची जेट्टी) थेट सरकारी बोट असते, पण आमच्या तारखांचं वेळापत्रक अजून हाती नाही. म्हणून दुसरा मार्ग धरलाय: पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) पहाटेच्या बसने जिरकाटांगच्या कॉन्व्हॉयमधून (जारवा राखीव जंगलातून गाड्या एकत्र ताफ्याने सोडतात) बाराटांगमार्गे रंगत, तिथून येराट्टा जेट्टी, मग बोट.

अडचण आईच्या गुडघ्यांची. सपाटीवर तासभर चालते, पण बेटावरच्या लालाजी बे किनाऱ्यापर्यंतची जंगलातली पायवाट तिला झेपणार नाही. विमानाची तिकिटं काढलीत, तारखा बदलता येणार नाहीत. एसी, वाय-फाय काही नको. वाळूमाश्या आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींचं माहीत आहे, तेव्हा "जाऊ नका" हा सल्ला कृपया नको!

गेल्या वर्षभरात जाऊन आलेल्यांनी सांगावं: पहाटेच्या बसने निघून येराट्टाची शेवटची बोट त्याच दिवशी मिळते, की रंगतला मुक्काम करावाच लागतो? आणि लालाजी बेला डुंगीने (छोट्या मोटरबोटीने) गेल्यास उतरताना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागते का?