मांसाबरोबर रेड, माशाबरोबर व्हाइट: नियम की थोतांड?

तुरटगोड

वाइनचा विषय निघाला की दोन तऱ्हेची माणसं हमखास भेटतात. एकाला द्राक्षाच्या पंचवीस वाणांची नावं फ्रेंच उच्चारांसकट पाठ असतात, दुसऱ्याला हे सगळं नाटक वाटतं. माझं मत असं, की वाइन आणि जेवण यांची जोडी ही खरी गोष्ट आहे, पण ती रंगावरून जुळवायची नसते. आंबटपणा, तुरटपणा म्हणजे टॅनिन, गोडवा आणि अल्कोहोल, या चार गोष्टी बघायच्या. वाणाचं नाव कळलं की या चारींचा ढोबळ अंदाज येतो. नावं लक्षात ठेवायची ती तेवढ्यासाठी.

नव्यांसाठी थोडी ओळख. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस जवळपास बिनरंगाचाच निघतो. रंग येतो सालीतून, टॅनिन साल आणि बियांतून. कॅबर्ने सोव्हिन्यॉं या काळ्या वाणाचे मणी लहान आणि साल जाड, म्हणून ती हिरड्या आवळते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि तोंड कोरडं पडतं. समोर चरबीदार मांस असलं की तोच तुरटपणा बोथट होतो. मर्लो तिची सावत्र बहीण (दोघींचं एक पालक कॅबर्ने फ्रां), लवकर पिकते आणि स्वभावाने मऊ. पिनो न्वारची साल पातळ, टॅनिन कमी, आंबटपणा चांगला. मशरूम, बदक, अगदी सामन मासाही तिच्याबरोबर चालतो. शिराझला मिऱ्याचा वास, भाजलेल्या मांसाला छान.

व्हाइटमध्ये सोव्हिन्यॉं ब्लां म्हणजे कापलेलं गवत आणि लख्ख आंबटपणा. तिच्याबरोबर बकरीच्या दुधाचं चीज खाऊन बघा. शार्डनेला स्वतःचा वास बेताचाच, ती बनवणाऱ्याच्या हातात घडते. रीसलिंग माझी लाडकी, पण तिच्याबद्दल सुरू झालो की थांबत नाही.

आता हाणा.

कडूकारले

हाणतोच. बोर्दोच्या विद्यापीठातला 2001 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग घ्या. वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना एक व्हाइट आणि एक रेड वाइन हुंगायला दिली. नेहमीसारखी वर्णनं आली. पुढच्या खेपेला तीच व्हाइट, तिच्यात बिनवासाचा लाल रंग घातलेला. या पठ्ठ्यांनी तिला रेड वाइनचे शब्द चिकटवले! उद्याच्या तज्ज्ञांची ही गत, तर 'बदकाबरोबर पिनो न्वार' कोणाच्या जिभेवर विश्वास ठेवून म्हणायचं? आवडेल ते खा, आवडेल ते प्या.

तुरटगोड

प्रयोग खरा आहे, पण तो वासाच्या वर्णनाचा होता. डोळे नाकाला फसवतात हे मान्य. म्हणून तर रंगावर जाऊ नका म्हणतोय. टॅनिन हुंगून कळत नाही. कॅबर्नेचा घोट घ्या आणि जीभ टाळूवर घासा, डोळे मिटून. खरखरीत लागते की नाही?

माशाचं म्हणाल तर 2009 मध्ये जपानी संशोधकांनी त्याचं कारण शोधलं: वाइनमधलं लोह. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्याबरोबर शिंपल्यातला स्कॅलप खाल्ला की मागाहून उग्र, हिमसट चव येते. लोह रेडमध्ये जास्त सापडतं, पण प्रत्येक रेडमध्ये नाही. म्हणजे जुना नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो, पण चुकीच्या कारणाने.

खुंटकलम

तुम्ही दोघं जिभेवरून भांडताय, माझा आक्षेप वाणाच्या नावालाच आहे. चिलीत कित्येक वर्षं 'मर्लो' म्हणून जी वेल लावली जात होती, त्यातली बरीचशी कार्मेनेर निघाली. 1994 साली एका फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाने मळ्यात उभं राहून ती ओळखली. तोवर लोक 'मर्लो' म्हणून तिच्या जोड्या लावतच होते ना? कोणाचं काय अडलं?

आणि एकच वाण दोन ठिकाणी दोन माणसं असतात. फ्रान्समधल्या शाब्ली गावची शार्डने थंड हवेतली, चुनखडीच्या जमिनीतली, बहुधा ओकच्या लाकडी पिंपाशिवाय केलेली. धारदार. कालवांबरोबर हीच हवी. तीच शार्डने उबदार प्रदेशात पिकवली, ओकच्या नव्या पिंपात मुरवली, जिवाणूंकडून तिचं मॅलिक आम्ल लॅक्टिकमध्ये बदलून घेतलं, की लोण्याचा वास येतो आणि कालवांवर ती साय धरल्यासारखी बसते. दोन्ही बाटल्यांवर नाव शार्डनेच! उगाच नाही फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बहुतेक बाटल्यांवर प्रदेशाचं, गावाचं किंवा मळ्याचं नाव असतं, वाणाचं नसतं.

वाण पाठ करू नका, हवा आणि हात ओळखा.

तुरटगोड

शार्डनेचं एकदम मान्य, तिचं उदाहरण मीच द्यायला हवं होतं. पण नवशिक्याच्या हातात बाटली आहे, त्याला शाब्ली कुठे आहे हेच माहीत नाही. त्याला कुठूनतरी सुरुवात करायला नको? आणि सगळे वाण शार्डनेसारखे लवचीक नसतात. रीसलिंग कुठेही नेली तरी तिचा आंबटपणा बऱ्यापैकी टिकतो. बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्डने 1395 मध्ये गामेच्या वेली उपटायचा हुकूम काढला तो वाणाकडे बोट दाखवूनच. हवा तीच, माती तीच, तरी त्याला पिनो हवी होती.

खुंटकलम

राजेरजवाडे साक्षीला आणलेत म्हणजे मुद्दे संपत आले वाटतं. :) पण ठीक, गामेचं उदाहरण बिनतोड आहे.

नवशिका

मधेच विचारतो, माफ करा. मला तिखट लागतं, भरपूर. त्याबरोबर काय? रेड घेतली तर तोंडात आग झाली.

तुरटगोड

होणारच. मिरचीतलं कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य तोंडातल्या आग जाणवून देणाऱ्या ज्या ग्राहींना डिवचतं, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. त्यात टॅनिनचा कोरडेपणा आला की बघायलाच नको. तिखटाला कमी अल्कोहोलची, जराशी गोड वाइन घ्या. अर्धगोड जर्मन रीसलिंग पुष्कळदा 8 ते 10 टक्के अल्कोहोलची असते. बाटली आधी नीट गार करा. गोडवा आग विझवत नाही, पण जिभेला दुसरीकडे गुंतवतो, आणि आंबटपणामुळे तो गोडवा चिकट लागत नाही. (सांगितलं होतं ना, थांबत नाही म्हणून.)

अर्धाग्लास

तीव्र असहमत. तिखट खाणाऱ्याला आग विझवायची असते असं कोणी ठरवलं? मी मिरचीबरोबर शिराझच घेतो, कारण मला ती भडकलेली हवी असते. कपाळावर घाम आला नाही तर जेवलो कशाला?

शिवाय तुम्ही शिराझच्या मिऱ्याच्या वासाचं म्हणालात. तो रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये शोधून काढलं. गंमत म्हणजे त्यांनी तपासलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला हा वासच येत नव्हता. त्या पाचव्या माणसाला तुमची मिऱ्याची जोडी कशी समजावणार?

कडूकारले

अर्धाग्लास, जियो.

आणि तुरटगोड, एक घरगुती प्रयोग सुचवतो, त्याने तुमचं सगळं शास्त्र कोलमडतं. तुम्हाला जास्तीत जास्त तुरट वाटणाऱ्या कॅबर्नेचा एक घोट घ्या. मग लिंबाच्या फोडीला मीठ लावून चाटा. लगेच पुन्हा घोट. तीच वाइन मऊ आणि फळाळ लागेल. म्हणजे पदार्थात मीठ आणि आंबट नीट असेल तर कुठलीही वाइन कशाबरोबरही जाते. वाण, गाव, जमीन, सगळं बाजूला ठेवा.

तुरटगोड

प्रयोग मी केलेला आहे आणि तो चालतो. पण कडूकारले, तुम्ही काय केलंत ते बघा. जोडीच लावलीत की! मी ताट तसंच ठेवून वाइन बदलतो, तुम्ही वाइन तशीच ठेवून ताट बदलता. मीठ आणि आंबट टॅनिनची धार कमी करतं हे तुम्ही मान्य केलंत म्हणजे टॅनिन आहे, आणि जेवणाचा त्याच्यावर परिणाम होतो, हेही मान्य केलंत.

शिवाय मीठ-लिंबू गोड पदार्थाला कसं लावणार? केकबरोबर कोरडी वाइन घ्या, ती निव्वळ आंबट पाणी लागते. वाइन पदार्थाइतकी तरी गोड हवीच. सोतेर्न या गोड फ्रेंच वाइनचं बघा: सेमिल्यॉंच्या मण्यांवर बुरशी चढते, पाणी उडतं, साखर दाटते, आणि ती वाइन खारट निळ्या रॉकफोर चीजबरोबर घेतली की कळतं.

अर्धाग्लास

डार्क चॉकलेट आणि कॅबर्ने. दोन्ही कडू, दोन्ही तुरट. सगळीकडे ही जोडी सुचवतात. आता बोला.

तुरटगोड

सुचवतात, आणि मला ती कधीच पटली नाही. तुरटावर तुरट. चॉकलेटला पोर्ट ही गोड वाइन घ्या.

खुंटकलम

इथे मी तुरटगोडच्या बाजूने. तारीख लिहून ठेवा.

नवशिका

काल दोन्ही करून पाहिलं, मासा आणि कॅबर्ने. साधा उकडलेला मासा, वर घोट: खिळा चाटल्यासारखं वाटलं, घशापर्यंत. मग त्याच माशावर लिंबू पिळलं, मीठ भुरभुरलं, पुन्हा घोट. निम्मं गेलं. कॅबर्ने बाजूला ठेवून सोव्हिन्यॉं ब्लां उघडली आणि ताट रिकामं झालं.

कडूकारले

निम्मं गेलं ना? म्हणजे माझं निम्मं बरोबर.

नवशिका

हो, पण कॅबर्नेची बाटली अजून पाऊण शिल्लक आहे. तिच्याबरोबर काय खाऊ ते सांगा आता.