हंगामी उत्पन्नाच्या हिशेबासाठी कोणते ॲप वापरावे?

प्रश्न (कळंगुट)
नमस्कार. आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो. ऑक्टोबर ते मे बरी कमाई होते. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या राहतात आणि त्यापाठोपाठ चवथीचा (गणेश चतुर्थीचा) खर्च उभा राहतो. भाडे यूपीआयने येते, पण मासळी, भाजी आणि मजुरी बरेचदा रोखीने द्यावी लागते. बँकेचे एसएमएस वाचून खर्चाची वर्गवारी करणारे एक ॲप सहा महिने वापरले. त्यात एटीएममधून काढलेल्या ५,००० रुपयांची एकच नोंद दिसते, पुढे ते कशावर गेले हे कळत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर (फोंडा)
ॲप बदलून हे सुटणार नाही, कारण रोखीचा खर्च आपण लिहिल्याशिवाय कोणत्याच ॲपला कळत नाही. मी गूगल शीट्समध्ये तारीख, रक्कम, कारण आणि कोणी दिले असे चारच रकाने ठेवले आहेत. पत्नी बाजारातून परतताना बसमध्येच ‘बांगडे २००’ असे लिहून टाकते आणि रात्री मी पाकिटातल्या नोटा मोजून ताळा पाहतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आठ महिन्यांची कमाई बारा महिन्यांची आहे असे धरून चालावे. भाडे एका खात्यात साठू द्या, तेथून दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक रक्कमच घरखर्चाच्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा आणि खर्चासाठी यूपीआयला हे दुसरेच खाते जोडा. चवथीसाठी माझी बारा महिन्यांची आवर्ती ठेव जुलैअखेर पुरी होते, त्यामुळे माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. हप्ता मात्र पावसाळ्यातही झेपेल इतकाच ठेवावा.

उत्तर (डिचोली)
एक सावधगिरी सुचवतो. एसएमएस वाचण्याची परवानगी दिलेल्या ॲपला आपले ओटीपीही दिसू शकतात. ते वापरणे थांबवले असेल, तर आधी परवानगी काढून घ्या. यूपीआय ॲपमधील ‘ऑटोपे’ची, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची, यादीही पाहा. माझ्या खात्यातून एका विसरलेल्या वर्गणीचे पैसे कित्येक महिने जात होते. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आजच शीट तयार केली. पाहुण्यांची आगाऊ रक्कम कोठे लिहावी?

उत्तर (फोंडा)
वेगळ्या रकान्यात. पाहुणा राहून जाईपर्यंत ती कमाईत धरू नका, कारण आरक्षण रद्द झाल्यास ती परत करावी लागू शकते.