आरोग्यमाहितीची साइट फोनवर नीट वाचता यावी म्हणून काय बदलावं?

खाडीकाठ_ठाणे
नमस्कार. ठाण्यातल्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मराठी साइटचं काम आहे. डेंग्यू, लेप्टो, जुलाब, बाळाचं लसीकरण अशी साधारण ६० पानं. मांडणी संगणकासाठी केलेली, ९६० पिक्सेलची पक्की रुंदी. शहापूर-मुरबाडकडची मंडळी ती फोनवरच उघडतात. अक्षर मुंगीएवढं दिसतं, लसीकरणाचा सात रकान्यांचा तक्ता उजवीकडे कापला जातो, आणि निम्मी पत्रकं स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आहेत. फोनसाठी वेगळी साइट करावी की आहे तीच बदलावी?

ऐरोली_नाका
वेगळी नकोच. मजकूर दोन ठिकाणी ठेवला की औषधाची मात्रा एकीकडे दुरुस्त होते, दुसरीकडे जुनीच राहते.

आधी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचं हे फोनला सांगणारी ओळ) घाला: विड्थ डिव्हाइस-विड्थ, इनिशिअल-स्केल १. तो नसला की फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आकसून दाखवतो. तुमचं अक्षर बारीक दिसतं ते त्यामुळेच. यूझर-स्केलेबल नो (पान मोठं करणं बंद) मात्र लिहू नका, चिमटीने मोठं करून वाचणारे वयस्कर लोक अडतात. मग पक्की रुंदी काढून मॅक्स-विड्थ (कमाल रुंदी) द्या. ३२० पिक्सेलमध्येही पान आडवं सरकवावं लागू नये.

मजकूर १६ पिक्सेलच्या खाली नको, आणि माप रेममध्ये (वाचकाने निवडलेल्या अक्षराच्या आकारावर चालणारं एकक) लिहा. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ ते १.७ ठेवा. इंग्रजीसाठी ठेवलेल्या १.३ मध्ये वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमध्ये जादा जागा) देऊ नका, शिरोरेषा तुटते. वेबफॉन्ट (साइटसोबत उतरणारा फॉन्ट) वॉफ२ या हलक्या फाइल-प्रकारात आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप, म्हणजे तो उतरेपर्यंत फोनमधल्या फॉन्टमध्ये मजकूर दिसतो. तो छाटून हलका करताना जोडाक्षरांची कोष्टकं उडाली, तर ‘क्ष’च्या जागी ‘क्‌ष’ दिसतो.

वाशी_खाडीपूल
+१. पण यापेक्षा मोठा धोका क्रमाचा आहे. संगणकावर ‘धोक्याची लक्षणं’ ही चौकट बहुतेक उजव्या पट्टीत असते. फोनवर एकच रकाना होतो आणि ती पट्टी पानाच्या तळाशी जाते. डेंग्यूच्या पानावर पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही लक्षणं आणि ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन टाळण्याची सूचना पहिल्याच पडद्यावर हवी. चौकट एचटीएमएलमध्येच (पानाच्या मूळ मजकुरातच) वर न्या. नुसत्या सीएसएसने (मांडणीच्या नियमांनी) वर ओढलीत तर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती जुन्याच क्रमाने वाचतो. तिच्याखाली १०८ चं बटण ठेवा, टेल लिंकसह (दाबताच फोन लागणारी), किमान ४८ पिक्सेल उंच.

लसीकरणाच्या तक्त्याला आडवं सरकवणं देऊ नका. वयाचा रकाना पडद्याबाहेर गेला की लस भलत्याच वयाशी जोडून वाचली जाते. वयानुसार तुकडे पाडा: जन्मल्यावर, ६, १०, १४ आठवडे, ९ ते १२ महिने, १६ ते २४ महिने. प्रत्येकाखाली लशींची पूर्ण नावं.

खाडीकाठ_ठाणे
चौकट खरंच उजवीकडे आहे, हे लक्षातच आलं नव्हतं. पीडीएफचं काय? तूर्त जेपीजी करून टाकली तर?

वाशी_खाडीपूल
जेपीजी नको. चित्र ३६० पिक्सेलवर आकसलं की ‘०.५’ मधला टिंब दिसेनासा होतो, १ आणि ९ सारखे भासतात. मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण असंच चुकतं. ते शब्दांत लिहा: एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. जिथे आकडे ठेवाल तिथे आकडा आणि एकक यांच्यामध्ये न तुटणारी जागा घाला, नाहीतर आकडा ओळीच्या शेवटी आणि ‘मिली’ पुढच्या ओळीत.

स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आहे. मूळ फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली असेल तर ती युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक वापरा. दोन्हीत रफार, ‘ऱ्या’ आणि आकडे हमखास बिघडतात. औषधांच्या मात्रा दोघांनी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात, त्यातला एक डॉक्टर किंवा नर्स.

ऐरोली_नाका
चाचणी क्रोमच्या मोबाइल दृश्यावर संपवू नका. एखादा स्वस्तातला अँड्रॉइड घ्या, सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठं करा, नेट मंद करा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा. चित्रांना विड्थ-हाइट लिहा; नसेल तर चित्र उशिरा उतरताना पान खाली ढकललं जातं आणि १०८ वर टेकवलेलं बोट दुसऱ्याच लिंकवर पडतं. आणि कोपऱ्यात तरंगणारं चॅटचं बटण असेल तर काढा, मोठ्या अक्षरात ते नेमकं मजकुरावर बसतं.