गुहागर-विजापूर राज्यमार्ग : ज्याच्या त्याच्या टप्प्याच्या आठवणी

गुहागरच्या समुद्रापासून निघून चिपळूण, पाटण, कराड, विटा आणि जत ही गावे घेत विजापूरला पोहोचणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६६ ई म्हणून ओळखला जातो; पण रस्त्याकाठच्या लोकांच्या तोंडी तो अजूनही ‘गुहागर-विजापूर’च आहे. नकाशावर रस्ता एक असला, तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. कोकणातल्या माणसाचे काम कराडला संपते, विट्याच्या माणसाला कराडपर्यंत यावे लागते, आणि जतच्या पूर्वेकडील गावांचे तोंड विजापूरकडे असते. आदिलशाहीच्या काळात दाभोळ हे विजापूरच्या राज्याचे मोठे बंदर होते आणि कुंभार्लीची वाट बंदराला देशाशी जोडणाऱ्या वाटांपैकी एक होती, हे वाचलेले असते. मात्र हीच वाट पुढे गाडीरस्ता, मग राज्यमार्ग आणि आता महामार्ग होताना काठच्या माणसांच्या जगण्यात काय बदलले, हे त्या त्या टप्प्यावर राहणारेच सांगू शकतात. म्हणून ही विनंती : आपापल्या टप्प्याबद्दल लिहावे, आणि पाहिलेले व ऐकलेले यांत शक्यतो गल्लत करू नये.

चिपळूण, निवृत्त एस.टी. चालक

माझ्या नोकरीचा मोठा भाग कुंभार्ली घाटात गेला. बहादूरशेख नाका सोडला की शिरगाव, पोफळीपर्यंत रस्ता सरळ वागतो आणि त्यानंतर चढ सुरू होतो. ज्या गिअरला घाट चढायचा त्याच गिअरला तो उतरायचा, हा जुन्या चालकांनी आम्हाला दिलेला पहिला धडा होता. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसणाऱ्याच्या गाडीतून लायनर जळाल्याचा वास यायला लागला, की मागच्या बाकावरचे प्रवासीसुद्धा ओळखायचे की चालक नवा आहे. पावसाळ्यात धुके इतके उतरायचे की वाहकाने दार उघडून पायरीवर उभे राहायचे आणि रस्त्याची कड सांगत राहायची; सोनपात्राच्या वळणावर तर समोरून मालट्रक येतो आहे की नाही, हे हॉर्नवरूनच ठरवावे लागे. घाट चढून हेळवाकला आल्यावर चहासाठी गाडी थांबत असे, आणि तो थांबा वेळापत्रकापेक्षा इंजिनाला अधिक गरजेचा होता.

गाडीच्या टपावर काय जात असे, त्यावरून मोसम कळत असे. वर जाताना सुक्या मासळीच्या पाट्या, नारळ आणि आंब्याच्या पेट्या असत; खाली येताना कांदा, लसूण, मिरची आणि गूळ असे. मासळीच्या पाट्यांवरून प्रवाशांची भांडणे होत, पण पाटीवाल्या बायकांना कोणी खाली उतरवल्याचे मी पाहिलेले नाही, कारण भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पिशवीत तीच मासळी असायची.

अलोरे येथे बालपण गेलेली वाचक

चालक काकांनी पोफळीचा उल्लेख केला आहे, म्हणून थोडी भर घालते. कोयना प्रकल्पाच्या वसाहतींत आम्हा मुलांना हा रस्ता म्हणजे आईवडिलांच्या गावाकडे जाणारी गाडी एवढाच माहीत होता. माझे आजोळ कराडजवळचे असल्यामुळे प्रत्येक सुट्टीत घाट चढावा लागे. आमच्या शिक्षकांनी एकदा वर्गात विचारले होते, की कोयनेचे पाणी कुठे जाते. सगळ्यांनी ‘कृष्णेला’ असे उत्तर दिले. त्यांनी आम्हाला खिडकीतून वाशिष्ठीच्या दिशेने बोट दाखवले. धरणात अडवलेले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात उतरते, जनित्रे फिरवते आणि मग वाशिष्ठीत मिळून अरबी समुद्राला जाते. जे अंतर चढायला आमच्या गाडीला इतके कष्ट पडत, त्याच उंचीच्या जोरावर वीज तयार होत होती, हे मला फार पुढे नीट उमगले.

पाटण

११ डिसेंबर १९६७ ची पहाट मी लहानपणी अनुभवलेली आहे. त्यामुळे पाहिलेले आणि घरात नंतर वारंवार ऐकलेले यांची सरमिसळ माझ्या मनात झालेली असणार, हे आधीच नमूद करतो. सव्वाचारच्या सुमारास भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे गेली. आमचे घर दगडमातीचे होते. त्याची एक भिंत अंगणात पडली आणि आम्ही सगळे थंडीत रस्त्यावर येऊन बसलो. आजही मला आठवते ते हे, की घरांवरचा विश्वास उडालेली सगळी वस्ती या राज्यमार्गाच्या कडेला येऊन राहिली होती, कारण अंगावर कोसळेल असे काहीही नसलेली तेवढीच मोकळी जागा होती. त्यानंतर कराडच्या बाजूने गाड्या सुरू झाल्या : रुग्णवाहिका, पोलिसांच्या गाड्या, घोंगड्या आणि भाकरी घेऊन आलेले मालट्रक. हेळवाकजवळ कोयना नदी दक्षिणेची दिशा सोडून पूर्वेला वळते आणि तिथपासून रस्ता तिच्या सोबतीने कराडकडे जातो; या अरुंद खोऱ्यात दुसरा मोठा रस्ता नसल्यामुळे मदत यायची ती याच वाटेने आणि जखमींना न्यायचे तेही याच वाटेने. पुढे कित्येक महिने धक्के बसत राहिले. आमच्या पिढीतील लोक मोठा मालट्रक जवळून गेला आणि खिडकीची तावदाने वाजली, तर आजही क्षणभर बोलायचे थांबतात.

चिपळूण, व्यापारी

२२ जुलै २०२१ च्या महापुरात माझ्या दुकानात पाणी माळ्यापर्यंत चढले होते. त्याच रात्री घाटाच्या वरच्या बाजूला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, म्हणजे रस्त्याची दोन्ही अंगे एकाच वेळी संकटात होती. तरीही घाट मोकळा झाल्यावर पिण्याच्या पाण्याचे टेम्पो कराडकडून आले, हे मी स्वतः पाहिले आहे.

गुहागर

आमच्या टोकाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. एन्रॉनच्या प्रकल्पाला दाभोळचे नाव असले, तरी तो खाडीच्या अलीकडे, आमच्या तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात उभा राहिला. त्या वर्षांत मोर्चे, पोलिसांच्या गाड्या आणि ठेकेदारांच्या जीपगाड्या एकाच रस्त्याने येत-जात. १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, २००१ मध्ये ती थांबली. शृंगारतळीची बाजारपेठ मात्र या धामधुमीत वाढली ती वाढलीच.

ओगलेवाडी

कराड रेल्वे स्थानक शहरात नाही, ते आमच्या ओगलेवाडीला आहे, आणि विट्याकडे जाणारा हा रस्ता आमच्या गावातून जातो. १९१६ साली येथे ओगल्यांचा काच कारखाना सुरू झाला आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातील खेडी उजळली. माझे आजोबा या कारखान्यात होते. काचेला पेंढा कसा गुंडाळावा आणि कच्च्या रस्त्यावर ती बैलगाडीतून कशी न्यावी, हे ते इतक्या बारकाईने सांगत, की मला कंदिलापेक्षा पेंढाच अधिक आठवतो.

विटा

सुर्ली घाट चढून आलात की पाऊस मागे राहतो. खानापूर आणि आटपाडी या दुष्काळी भागातील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेली. केरळपासून बंगालपर्यंत आमच्या गलाई बांधवांची दुकाने आहेत. दिवाळीत किंवा गावच्या यात्रेला विट्याच्या रस्त्यावर उभे राहावे आणि मोटारींच्या पाट्या वाचाव्यात : तमिळनाडू, केरळ, आंध्र, पश्चिम बंगाल. एरवी बंद असलेले बंगले त्या आठवड्यात उघडतात. आता टेंभू योजनेमुळे कराडजवळून उचललेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने आमच्या बाजूला चढवले जाते. अलोऱ्याच्या ताईंनी पश्चिमेला उतरणाऱ्या पाण्याबद्दल लिहिले आहे, त्याला ही पूर्वेची जोड.

चौपदरीकरण आणि रुंदीकरणाबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. रस्ता गुळगुळीत झाला, वेळ वाचतो, हे मान्य आहे. पण जुन्या वडांच्या जागी लावू म्हणून सांगितलेली झाडे आमच्या टप्प्यात तरी दिसत नाहीत. किलोमीटरच्या दगडांचे हिरवे माथे पिवळे झाले, एवढा बदल मात्र तत्परतेने झाला.

जत तालुका, पूर्व भाग

नागज फाट्यावर मिरज-पंढरपूर रस्ता ओलांडला की मराठीत हळूहळू कन्नड मिसळू लागते, आणि आमच्या गावापर्यंत येईतो घरातली भाषा कन्नडच असते. डफळ्यांचे जत संस्थान होते तेव्हापासून हा भाग दोन्हीकडचा आहे. आमच्या शाळेत कन्नड माध्यम होते, सातबारा मराठीत येत असे, आणि तो वाचून देणाऱ्या गुरुजींकडे बाजाराच्या दिवशी रांग लागे. आजारी माणसाला सांगलीला न्यावे की विजापूरला, हा प्रश्न आमच्याकडे कधी फार चर्चेचा नव्हता. जी गाडी आधी येईल तिच्यात बसायचे. २०१४ साली विजापूरचे अधिकृत नाव विजयपुरा झाले, आणि तेव्हापासून तिकडून येणाऱ्या गाडीवर एक नाव आणि इकडून जाणारीवर दुसरे दिसते. चालकांना त्याने काही फरक पडत नाही, पण रात्री फाट्यावर उभ्या असलेल्या परगावच्या प्रवाशाला आम्ही हात करून सांगतो, की दोन्हीपैकी कोणतीही चालेल.